न विचारता हटवण्याचा अधिकार

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले गाव ऑगस्ट २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला उपोषणस्थळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधुराची नळकांडी फोडली. दगडफेक झाली, आंदोलक आणि पोलीस दोन्हीकडची माणसे जखमी झाली. वर्तमानपत्र यायला दुसरी सकाळ उजाडते. महाराष्ट्राने हे सारे त्याआधीच मोबाइलवर पाहिले होते. गावकऱ्यांनी काढलेल्या चित्रफिती ग्रुपवरून ग्रुपवर गेल्या, स्टेटसला लागल्या, आणि ४ सप्टेंबरला तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल जाहीर माफी मागितली. हातात फोन नसते तर ही माफी आली असती का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दोन महिन्यांनी तेच फोन मुके झाले. ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, आमदारांची घरे पेटवली गेली. बीडमध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले, आणि पाठोपाठ गोदावरीच्या अलीकडे जालना जिल्ह्यातही नेट गेले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा तेच घडले. तीर्थपुरीत एसटीची बस जाळली गेली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले.

नेट बंद झाले की दंगलखोराचे काय अडते ते सांगणे अवघड आहे. बाकीच्यांचे काय अडते ते दिसते. किराणा दुकानातला क्यूआर कोड नुसता कागद उरतो. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र थांबते, सेतू केंद्राबाहेर दाखल्यासाठी आलेली माणसे परततात. त्यातला विरोधाभास बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्या मागणीसाठी आंदोलन चालले होते तिचा सगळा आधार कागदांवर होता. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात सापडलेल्या कुणबी नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या जात होत्या. शासनच लोकांना सांगत होते, तुमच्या पणजोबाची नोंद ऑनलाइन शोधा. आणि त्याच हंगामात शासनच ऑनलाइन जाण्याची वाट बंद करत होते.

ही बंदी कुणाच्या सहीने आली, कोणत्या कारणासाठी, किती तासांसाठी, आणि ती बरोबर होती का हे नंतर कुणी तपासले? आजचे व्याख्यान या चार प्रश्नांभोवती आहे. ते विचारायला शिकवले संगणकतज्ज्ञांनी नव्हे, मानवी हक्कांच्या वकिलांनी. त्यांतल्या एका वकिलाची कारकीर्द इथे मुख्यतः सांगायची आहे. त्या म्हणजे मुंबईच्या इंदिरा जयसिंग.

स्मृतिव्याख्यानात जुन्या माणसांचे नाव आधी घेण्याचा रिवाज आहे. इथे तो मनापासून पाळावा असे नाव आहे विठ्ठल महादेव तारकुंडे यांचे. १९०९ साली सासवडला जन्मलेले तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ते पद सोडून ते दिल्लीत वकिली करू लागले आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभी करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. तारकुंडे आणि जयसिंग ही दोन नावे एका खटल्यात भेटतात, आणि तो खटला आहे फुटपाथचा.

जुलै १९८१. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडले जाईल. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडायला सुरुवात झाली. महापालिकेच्या हाती १८८८ च्या कायद्याचे कलम ३१४ होते. आयुक्ताला नोटीस न देता अतिक्रमण हटवता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने पुढे गाजलेल्या या याचिकांत फुटपाथवासीयांच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत जयसिंग होत्या, त्यांचे सहकारी आनंद ग्रोव्हर होते आणि तारकुंडेही होते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातले वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले. निकाल फुटपाथवासीयांच्या पूर्ण बाजूचा नव्हता; ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या हटवायला न्यायालयाने मोकळीक दिली. पण कलम ३१४ चा अर्थ मात्र बदलला. नोटीस न देण्याचा अधिकार आहे याचा अर्थ नोटीस देऊच नये असा नाही, माणसाचे ऐकून घेणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असे न्यायालयाने ठरवले.

जयसिंग यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाची किल्ली या मुद्द्यात आहे. १९४० साली मुंबईत जन्मलेल्या जयसिंग यांनी १९८१ मध्येच ग्रोव्हर यांच्यासोबत 'लॉयर्स कलेक्टिव्ह' सुरू केले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना वरिष्ठ वकिलाचा दर्जा दिला. तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या मसुद्यात त्यांच्या संस्थेचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाल्या. म्हणजे सरकारविरुद्ध उभे राहणे आणि सरकारतर्फे उभे राहणे दोन्ही त्यांनी केले आहे. इंटरनेटच्या प्रश्नाकडे त्या आल्या तेव्हा त्यांच्याजवळ तंत्रज्ञानाचे शिक्षण नव्हते, पण हटवण्याआधी कुणाला विचारले, हा प्रश्न होता.

मधल्या काळात पीयूसीएलने आणखी एक लढाई लढली, आणि तिचा धागा थेट जालन्यापर्यंत येतो. राजकारण्यांचे फोन चोरून ऐकले जातात हे उघड झाल्यावर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकारचा आधार होता १८८५ चा तार कायदा, कलम ५(२). फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही संघटनेची मागणी. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने ती मान्य केली नाही. त्याऐवजी मधला मार्ग सांगितला: आदेश गृहसचिवानेच काढावा आणि सचिवांच्या समितीने तो नंतर तपासावा. त्या वेळी हा विजयच वाटला, आणि काही अंशी होताही. पण २०१७ मध्ये केंद्राने दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम केले तेव्हा हाच साचा उचलला. एका माणसाचा फोन ऐकण्यावर लगाम म्हणून जी व्यवस्था सुचवली होती, ती आता अख्ख्या जिल्ह्याचे इंटरनेट बंद करण्याची रीत झाली. आदेश गृहसचिवाचा, तपासणार मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. सगळे एकाच इमारतीतले.

आता त्या नियमांचे घड्याळ जालन्याच्या बंदीशेजारी ठेवून पाहावे. समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत बसायचे असते. बीड-जालन्यातल्या बंद्या तासांच्या किंवा फार तर काही दिवसांच्या मापाच्या. समितीच्या बैठकीची मुदत संपण्याआधीच नेट सुरू झालेले असते. नियम पाळला गेला तरी त्याचा उपयोग नाही, अशी ही रचना. संसदेच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने, शशी थरूर अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२१ च्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले. समितीत निवृत्त न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी असावेत, असे सुचवले. देशात किती वेळा नेट बंद झाले याची नोंद दूरसंचार विभागही ठेवत नाही आणि गृह मंत्रालयही ठेवत नाही, हेही त्याच अहवालाने सांगितले. ज्या देशात प्रत्येक दाखल्याला नोंदवही असते तिथे ही गोष्ट विसरून झाली असे कुणी म्हणू नये.

मात्र या कहाणीत सरकार खलनायक आणि मोबाइल निष्पाप, असे मांडले तर ते खोटे ठरेल. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा व्हॉट्सअॅपवर आठवडे फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी जमावाच्या हाती सापडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारून टाकले गेले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी माणसे, त्यांचे फिरणेच पुरावा ठरले. ज्याने मेसेज पहिल्यांदा लिहिला तो तिथे नव्हता, ज्यांनी पुढे ढकलला त्यांतले बहुतेक नव्हते, आणि ज्या कंपनीच्या यंत्रणेतून तो गेला ती समुद्रापलीकडे. त्या जुलैमध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. सरकारी आदेशाने जे झाले नसते ते एका बटणातल्या बदलाने थोडेफार झाले. राईनपाड्याच्या पाच जणांना त्याचा उपयोग नव्हता.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींबद्दल निकाल दिला. त्यातल्या एका याचिकाकर्त्याची, महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी यांची, बाजू जयसिंग यांनी मांडली होती. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, भडकाऊ मेसेज पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, असे न्यायालयाने राज्यांना बजावले. म्हणजे ऑनलाइन मजकुरावर कारवाई करा, हे सरकारला सांगणाऱ्या निकालामागेही हीच वकील होती. तीन वर्षांनी ती सरकारच्या ऑनलाइन नियमांविरुद्ध उभी राहिली. यात विसंगती शोधणाऱ्यांनी दोन्ही वेळचा मुद्दा नीट वाचावा. पहिल्या वेळी सरकार करायला बांधील असलेले काम करत नव्हते, दुसऱ्या वेळी त्याला नसलेला अधिकार ते घेऊ पाहत होते.

ती दुसरी वेळ म्हणजे फेब्रुवारी २०२१ चे माहिती-तंत्रज्ञान नियम. बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांना एक आचारसंहिता लागू झाली आणि ती पाळली जाते की नाही हे बघणाऱ्या यंत्रणेच्या शेवटच्या पायरीवर मंत्रालयाचे अधिकारी बसले. जयसिंग आणि ग्रोव्हर यांनी सुरू केलेले 'द लीफलेट' हे कायदेविषयक संकेतस्थळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे यांनी जनहित याचिका केली. त्यांचे वकील होते अभय नेवगी. १४ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांनी नियम ९ च्या दोन पोटकलमांना स्थगिती दिली. मूळ कायदा जे सांगत नाही ते नियमाने घुसवता येत नाही, हे त्यामागचे एक साधे, जुने तत्त्व.

सगळेच नियम वाईट होते असेही नव्हे. कुणाचे विवस्त्र छायाचित्र तिच्या मर्जीविरुद्ध फिरत असेल तर तक्रारीपासून २४ तासांत ते काढलेच पाहिजे, ही तरतूद याच नियमांत आली. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाच्या अॅपवर मुस्लिम महिलांची छायाचित्रे 'लिलावा'ला लावली गेली, तेव्हा मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने चार दिवसांत अटकसत्र सुरू केले. तिथे कुणी नोटीस मागितली नाही आणि मागायचे कारणही नव्हते. ज्या स्त्रीचा चेहरा वापरला गेला तिचा हक्क त्या मजकुराच्या हक्कापेक्षा मोठा, याबद्दल मानवी हक्कांच्या वकिलांत दुमत नाही.

पण सरकारविषयीच्या मजकुराचे काय? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियमांत भर घातली: केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी, हे सरकारचेच सत्यपडताळणी पथक ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकेवर ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते फुटली. न्या. गौतम पटेल यांनी तरतूद रद्द केली, न्या. नीला गोखले यांनी ती राखली. मार्चमध्ये केंद्राने पथक अधिसूचित केले, दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या पीठाचे प्रमुख होते धनंजय चंद्रचूड, फुटपाथचा निकाल देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती, नागपूर खंडपीठात वकिलीतून वर आलेले अतुल चांदूरकर, यांनी न्या. पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि तरतूद गेली.

गावातल्या माणसाच्या दृष्टीने याहून जवळचा निकाल नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये एका सदस्याने गलिच्छ मजकूर टाकला, ॲडमिनने त्याला काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. न्यायालयाने तो रद्द केला. दोघांनी मिळून बेत केल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. निवडणुका आणि आंदोलने जवळ आली की ग्रुप ॲडमिनना नोटिसा निघतात, त्यांनी हा निकाल छापून खिशात ठेवावा.

जून २०२४ मध्ये अंतरवालीच्या शेजारी, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीत, ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. दोन उपोषणे, दोन मंडप, मधे काही मैलांचे शिवार. रस्त्यावर माणसे एकमेकांना ओळखत होती, पण फोनवर दोन्ही जातींची नावे घेऊन जे लिहिले जात होते ते वाचवत नव्हते. नेट बंद करणे हा त्यावर उपाय नव्हता, कारण नेट सुरू झाले की तोच मजकूर तिथेच सापडतो. कोणती पोस्ट, कुणाची, कोणत्या कलमाखाली, हे एकेक करून पाहणे कष्टाचे असते आणि त्याला सायबर पोलीस ठाण्यात माणसे लागतात. सरसकट बंदीला एक सही पुरते.

परदेशात या कामासाठी सरकारपासून निराळ्या संस्था आहेत. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून ई-सेफ्टी आयुक्त आहेत. ब्रिटनच्या ऑक्टोबर २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने 'ऑफकॉम'ला कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. तिथेही वाद आहेत आणि भरपूर आहेत. पण दंड कंपनीला होतो, अख्ख्या परगण्याचा फोन बंद होत नाही. आपल्याकडे तक्रार ऐकणारे, मजकूर काढायला लावणारे आणि स्वतःवरच्या टीकेने दुखावले जाणारे मंत्रालय बऱ्याचदा एकच असते.

वकिलांनाही हे काम फुकटात पडत नाही. २०१९ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हवर परकीय देणग्यांच्या संदर्भात सीबीआयने गुन्हा नोंदवला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जयसिंग आणि ग्रोव्हर यांना अंतरिम संरक्षण दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरचे मानवी हक्क वकील निहालसिंग राठोड यांचे नाव पेगॅसस हेरगिरीचे लक्ष्य ठरलेल्यांत असल्याचे समोर आले. भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे वकीलपत्र त्यांच्याकडे होते. वकिलाच्या फोनमधून अशिलाचे बोलणे बाहेर जात असेल तर ऑनलाइन सुरक्षेचा प्रश्न न्यायालयाच्या दारातच उभा राहतो.

बंदीच्या आदेशाचा कागद मागण्याचा हक्क मात्र आता पक्का आहे, आणि तो दुसऱ्या एका मानवी हक्क वकिलाच्या, वृंदा ग्रोव्हर यांच्या युक्तिवादातून आला. काश्मीरमधल्या बंदीविरुद्ध संपादक अनुराधा भसीन यांची बाजू त्यांनी मांडली. सरकार न्यायालयातही सगळे आदेश दाखवायला तयार नव्हते. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, कारणे लिहिली पाहिजेत, बंदी बेमुदत असता कामा नये आणि तिला न्यायालयात आव्हान देता आले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये, जालन्यात दुसऱ्यांदा नेट जाण्याच्या महिनाभर आधी, मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सरकारला सुनावले की पुनर्विलोकनाचे आदेश कपाटात ठेवण्यासाठी नसतात. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांत आदेश प्रसिद्ध करणे, त्यात कारण, क्षेत्र आणि कालावधी लिहिणे हे आले. कमाल मुदत पंधरा दिवस. तपासणारे मात्र सचिवच राहिले.

अंबड, घनसावंगी, गेवराईच्या कुणाला २६ फेब्रुवारी २०२४ चा आदेश आजही पाहायचा असेल तर अर्ज मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा लागेल. दहा रुपयांचे शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. मूळ आदेश, त्यामागचा पोलीस अहवाल आणि पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त असे तीन कागद वेगवेगळे मागावेत, नाही तर पहिल्यावरच बोळवण होते. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच विभागात, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे. आणि समिती बसलीच नसल्याचे उघड झाले तर अनुच्छेद २२६ खाली याचिका करायला मुंबईला जायचे कारण नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरात आहे.